चादर उजवीकडेच विरते

चादर फाटली होती. पुन्हा फाटली होती, आणि पुन्हा तिथेच.

तिने ती ओढून खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. उजव्या बाजूला, पायथ्याकडे, तळहाताएवढी जागा विरून जाळीसारखी झाली होती आणि त्या जाळीच्या मधोमध भोक. अंगठा घातला तर सहज आरपार गेला. आधीची निळी चादर अशीच गेली होती. तिच्या आधीची चौकड्यांचीही अशीच. "काय रोग आलाय गं तुम्हाला?" ती चादरीवरच ओरडली.

आता चादर फाटली यात ओरडण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. कापड आहे, कधीतरी फाटणारच. पण या बाईच्या घरात चादर फाटणं म्हणजे हलवायाच्या घरी साखर संपल्यासारखं होतं. बाई एका मोठ्या हॉटेलात चादरींच्या खोलीची प्रमुख होती. धुऊन आलेली एकूण एक चादर हिच्या हाताखालून जायची. कुठली पुन्हा खोलीत पाठवायची, कुठली फाडून पुसायला द्यायची, हे ती नुसता हात फिरवून सांगायची. हाताखालच्या मुली तिला पाठीमागे 'इस्त्रीबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

चादर कुठे विरते हे तिला पाठ होतं. मधोमध विरते, जिथे पाठ आणि कंबर टेकते. नाहीतर कडेला विरते, जिथे गादीखाली खोचताना ओढ बसते. पण पायथ्याला, एकाच बाजूला, तेवढीच जागा? असलं काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

किल्लीचा आवाज झाला आणि नवरा आत आला. रात्रीच्या बसवर ड्रायव्हर होता तो, घाटातल्या गाडीवर. संध्याकाळी निघायचा तो सकाळी यायचा. ती सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. दोघांची गाठ पडायची ती दारात, चहाचा कप एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत. पलंग एकच, पण दोन पाळ्यांत चालायचा. रात्री तिचा, दिवसा त्याचा. सुट्टीच्या रात्री तो बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून राहायचा. म्हणायचा, रात्री झोपायची सवयच मोडली बघ. लेक शिकायला दूर गेली तेव्हापासून या व्यवस्थेला कुणी हसणारंही उरलं नव्हतं.

"हे बघा," तिने भोक त्याच्या तोंडासमोर नाचवलं. "पायाची नखं काढता की नाही तुम्ही? की झोपेत नांगर चालवता?"

त्याने भोकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कापडच हलकं असेल."

"हलकं? मी आणलेलं कापड हलकं?"

"अगं, नसेल. मी आपलं म्हटलं." तो पलंगाच्या कडेवर बसला आणि बूट काढू लागला. नाडीची गाठ त्याला सापडेना. हल्ली त्याचं असंच चाललं होतं. डोळ्यांखाली काळं, दाढी करताना गाल कापलेला, एक गोष्ट दोनदा विचारावी तेव्हा कुठे उत्तर. काय झालंय म्हणून विचारलं तर हसण्यावारी न्यायचा.

"झोप होते ना नीट?" तिने विचारलं.

"होते की. मस्त होते."

"मग तोंड असं का उतरलंय?"

"या वयात काय नवरदेवासारखं दिसणार आहे?"

कामाला उशीर होत होता. तिने कपाटातली एक जुनी चादर पलंगावर घातली, चारही कोपरे हॉटेलातल्यासारखे घट्ट खोचले आणि म्हणाली, "झोपा आता गुपचूप."

"झोपतो," तो म्हणाला.

वाटेत तिने ठरवून टाकलं. दोष चादरीचाच. बाईला सगळ्या दुखण्यांचं मूळ कापडात दिसायचं. खरखरीत कापड अंगाला टोचत असणार, म्हणून माणूस पाय घासतो, म्हणून झोप मोडते, म्हणून तोंड उतरतं. इतकं सोपं होतं! जगभरच्या पाहुण्यांच्या झोपेची काळजी वाहायची आणि घरचा माणूस मात्र तळमळतोय. तिची तिलाच लाज वाटली. तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि दुपारी चादरींच्या दुकानाची पायरी चढली.

दुकानदार म्हातारा होता. चष्मा कपाळावर, आणि जीभ तेल घातल्यासारखी. "या ताई, या. बसा. ही बघा. हात लावून बघा नुसता. रेशीम आहे रेशीम! मोठमोठ्या हॉटेलांत हीच वापरतात."

"कुठल्या हॉटेलात?" तिने गरीब तोंड करून विचारलं.

"सगळ्या!"

तिने कोपरा दोन बोटांत धरून चोळला. "काका, निम्मं पॉलिएस्टर आहे यात. घाम आला की पाठीला चिकटून बसेल. आणि हा गुळगुळीतपणा कापडाचा नाही, वरून लावलेल्या खळीचा आहे. दोन धुण्यांत उतरेल आणि मग कापडावर बारीक गोळे यायला लागतील."

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तिच्याकडे नीट पाहिलं. मग मुकाट्याने तो ढीग बाजूला सारला आणि आतल्या फळीवरचे गठ्ठे काढले.

आता दोघांना रंग चढला. तो उलगडायचा, ती उजेडात धरायची. धागा एकसारखा आहे का बघायची, तिरकं ओढून सोडायची, वास घ्यायची. एक साटीन विणीची होती, लोण्यासारखी मऊ. पण ऊब धरणारी, दिवसा झोपणाऱ्याला काय उपयोगाची? एक जाड, थंडीतली, नको. धाग्यांचा मोठा आकडा छापलेली एक त्याने कौतुकाने पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, "आकडे नका सांगू काका, दोन-दोन पदर वेगळे मोजून आकडा फुगवतात." म्हातारा खो खो हसला. शेवटी एक साध्या विणीची, शुद्ध सुती, पांढरी चादर निघाली. हाताला गार, किंचित कुरकुरीत, धुता धुता मऊ होत जाणारी. तिने तिच्यावर तळवा ठेवला आणि तिला बरं वाटलं.

"कुणासाठी घेताय?" म्हाताऱ्याने विचारलं. आता त्याचा आवाज विकणाऱ्याचा नव्हता.

"आमच्या ह्यांच्यासाठी. झोप नीट लागत नाहीसं दिसतंय."

"मग जरा थांबा. कुशीवर झोपतात की पाठीवर?"

तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"अंगावर घेऊन झोपतात की पायाशी ढकलतात? घाम येतो का? तळवे जळजळतात का? काहींचे फार जळजळतात, मग पाय घासत राहतात."

"पाठीवर," ती म्हणाली. "बहुतेक."

"बहुतेक?" म्हाताऱ्याला मजा वाटली. "लग्नाला किती दिवस झाले म्हणायचे, ताई?"

"लेक कॉलेजात आहे माझी."

"आणि नवरा झोपलेला पाहिला नाही अजून? कमाल आहे बुवा! माझी बायको तर मी कुठल्या सुरात घोरतो तेसुद्धा शेजाऱ्यांना करून दाखवते."

तो चेष्टेनेच बोलला होता. खरंच, कधी पाहिला होता? लेक लहान असताना? तिला आठवेना. अनोळखी पाहुणा कसा झोपला हे ती त्याच्या चादरीवरून सांगू शकायची. कोण रात्रभर कूस बदलत होता, कोण एका कडेला आक्रसून पडला होता, कोण रडला होता. आणि घरी? घरी ती संध्याकाळी यायची तेव्हा पलंग आवरलेला असायचा, कोपरे खोचलेले असायचे. माझा नवरा बघा कसा शिस्तीचा, म्हणून हॉटेलातल्या मुलींसमोर तिने मिरवलंसुद्धा होतं.

आणि मग तिच्या डोळ्यांसमोर ती सकाळची चादर आली. तिचा मधला भाग. तो भाग धड होता. एका जागेवर दोन माणसांची झोप, एकाची रात्री, एकाची दिवसा, म्हणजे तिथे दुप्पट विरायला हवं होतं. निळीचाही तो भाग धड होता. चौकड्यांच्या चादरीचाही. तिने तीन चादरी हातात धरल्या होत्या आणि भोकाकडे बघता बघता दिवसा त्या पलंगावर कुणी कूस बदलतच नाही, हे तिला दिसलं नव्हतं. हिला म्हणे नजर!

"ही बांधा काका," ती घाईघाईने म्हणाली, आणि पिशवी घेऊन जवळजवळ पळतच निघाली.

तिने दार आवाज न करता उघडलं, चपला हातात घेतल्या आणि झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली. काय दिसेल याची तिने वाटेत हजार चित्रं रंगवली होती. पलंग रिकामा असेल, तो दुसरीकडेच कुठे असेल. बाईमाणसाचं मन, कुठे कुठे जाऊन आलं!

तो पलंगावरच होता. पाठीवर, सरळ, काठीसारखा. डोळे मिटलेले. दोन्ही हात छातीच्या वर थोडे उचललेले आणि मुठी आवळलेल्या. पाहता पाहता त्याचा उजवा पाय ताठ झाला आणि टाच चादरीत रुतली. दाबली. आणखी दाबली. कापड खर्रकन ओढलं गेलं. तो दचकून उठून बसला, तोंडाने श्वास घेत भिंतीकडे बघत राहिला. मग पुन्हा आडवा झाला. डोळे मिटले. क्षण दोन क्षण गेले असतील नसतील, पुन्हा पाय ताठ, पुन्हा टाच, पुन्हा उठून बसला.

नवीन लग्न झालेलं असताना ती कितीदा त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून गेली होती. तो पाय तिच्या ओळखीचा होता. तो ब्रेक दाबत होता.

तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कधी आलीस?" तो ओरडलाच.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"अहो, मी बघितलंय. आता खोटं बोलाल तर माझ्याशी गाठ आहे."

तो भिंतीला टेकून बसला. मग गुडघे पोटाशी घेऊन, तिच्याकडे न बघता, त्याने सांगितलं. उन्हाळ्यात झालं होतं ते. घाट उतरताना, शेवटच्या मोठ्या वळणाच्या आधी. "डोळा लागला गं. किती वेळ, देव जाणे. उघडला तेव्हा डावीकडची चाकं मातीत होती आणि कठडा खिडकीला लागलेला. सगळा जीव ब्रेकवर दिला. थांबली गाडी. मागे वळून बघतो तर सगळी बस झोपलेली. कंडक्टरसुद्धा. एक माणूस तेवढा जागा झाला. मला म्हणाला, आलं का गाव? मी म्हटलं, नाही अजून. झोपा."

"मग?"

"मग काय! गाडी मागे घेतली आणि निघालो. कुणाला काही कळलं नाही. पण तेव्हापासून डोळे मिटले की तो कठडा येतो."

ती पलंगावर बसली. पण खरा प्रश्न पुढेच होता आणि तो विचारायची तिला भीती वाटत होती. "दिवसा झोप येत नाही. आणि रात्री? गाडीवर?"

त्याने मान खाली घातली. "रात्री येते."

"म्हणजे?"

"दिवसा येत नाही ती तेव्हा येते. तोंडावर पाणी मारतो. खिडकी उघडी ठेवतो. ओठ चावतो. परवा..." तो थांबला.

"परवा काय?"

"काही नाही."

"परवा काय झालं, सांगा!"

"पुन्हा लागला डोळा. सरळ रस्ता होता म्हणून निभावलं."

परवा रात्री ती याच पलंगावर, त्याच फाटक्या चादरीवर, ढाराढूर झोपली होती. "आज जायचं नाही," ती म्हणाली. "झालं तेवढं पुरे. आत्ता फोन करा साहेबांना."

"आणि काय सांगू? ड्रायव्हरला झोप येते म्हणून?" तो एकदम तडकला. "स्टिअरिंग काढून घेतील माझ्या हातातून. गाड्या धुवायला लावतील डेपोत. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्यासमोरून गाड्या बाहेर काढतील आणि मी नळी धरून उभा राहीन! आयुष्यात गाडीला ओरखडा नाही पडू दिला मी. आणि आज गर्दीचा दिवस, गाडी भरलेली. ऐन वेळी माणूस कुठून आणतील?"

"भरलेली आहे म्हणूनच सांगतेय ना!"

"मला कळत नाही का गं?" आणि तो रडायला लागला. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस असा रडला नव्हता. तिचा सगळा राग विरघळून गेला. "आजचा दिवस जाऊ दे. एवढा आजचा. उद्या सकाळी आल्या आल्या मी स्वतः साहेबांपुढे उभा राहतो. तुझी शपथ."

आणि ती काय म्हणाली? ती म्हणाली, "बरं. आजचा दिवस."

मग तिने नवी चादर काढली. धुतल्याशिवाय चादर पलंगावर घालायची नाही, हा तिचा कायदा होता. पण त्या दिवशी ती पाकिटातून काढून तशीच, घड्यांच्या रेघांसकट घातली. कोपरे खोचले नाहीत, सैल सोडले. "पडा थोडा वेळ. मी आहे इथे." तो पडला. तिने त्याची टाच आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. पाय ताठ व्हायला लागला की ती अंगठ्याने हळूहळू चोळायची. काही वेळाने त्याचा श्वास लांब झाला, संथ झाला. पण पापण्या थरथरत होत्या. तो झोपला नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडला होता, आणि तिने ते ओळखलं तरी टाच सोडली नाही.

ऊन कलल्यावर तो उठला, तोंड धुतलं, गणवेश चढवला.

"झाली का झोप?" तिने विचारलं.

"झाली की," तो म्हणाला. "चादर छान आहे."

दार लागलं. ती ओट्याशी गेली, परत आली, पुन्हा गेली. आजचा दिवस! हे शब्द आपल्या तोंडातून निघाले तरी कसे? उद्यापासून गाडी चालवू नका, पण आज भरलेली गाडी घाटात नेऊन आणा. वा! तिने फोन उचलला. डेपोचा नंबर भिंतीवर लिहिलेलाच होता. चार आकडे दाबले आणि ठेवून दिला. नवऱ्याच्या पाठीमागे चहाडी करायची? त्याने शपथ घेतलीय. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी तिने कुलूप घातलं आणि जी निघाली ती डेपोच्या फाटकाशीच थांबली.

गाडी लागलेली होती. माणसं चढत होती, टपावर सामान जात होतं. फाटकाशी कंट्रोलर साहेब हातात वेळापत्रक घेऊन उभे होते. चार पावलांवर. तिला एवढंच करायचं होतं, चार पावलं जायचं आणि एक वाक्य बोलायचं. तेवढ्यात तिला तो दिसला. पुढच्या बंपरवर चढून फडक्याने काच पुसत होता, कडेपासून कडेपर्यंत, लेकराचं तोंड पुसावं तसा. तिचे पाय साहेबांकडे वळलेच नाहीत. ते बसकडे वळले.

"अरेच्चा, वहिनी!" दारातला कंडक्टर म्हणाला. तो नवऱ्याचा जुना जोडीदार, सणसणीत आवाजाचा, बडबड्या माणूस. "डबा विसरले की काय आमचे महाराज?"

"मला तिकीट द्या भाऊजी. शेवटपर्यंतचं."

"गाडी भरली हो. माझी पुढची सीट तेवढी..."

"तीच द्या." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ना, भाऊजी?"

कंडक्टरचं हसू मावळलं. तो खांद्यावरची पिशवी उगीचच सारखी करू लागला. "मी गप्पा मारत असतो ना, वहिनी. रात्रभर. विनोद सांगतो. डोळा लागू देत नाही."

म्हणजे यालाही माहीत होतं. सगळेच मूग गिळून बसले होते. ती कंडक्टरच्या सीटवर, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसली. मागच्याच सीटवर एक बाई मांडीवर लहान मूल घेऊन बसली होती. मूल झोपायच्या बेतात होतं आणि आई त्याला थोपटत होती.

तो चढला, बसला, आरसा सारखा करायला हात वर नेला आणि हात तसाच राहिला.

"तू कुठे निघालीस?"

"तुम्ही जाताय तिथे."

"उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना." तो दातांवर दात धरून, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलत होता. "घाट आहे. रात्रीची वेळ आहे."

"मग? या बाई चालल्यात, मांडीवर लेकरू घेऊन. मीच का नको?"

त्याने आरसा सारखा केला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो ड्रायव्हरसाहेब, निघायचं का आता? की इथेच मुक्काम?" चारजण हसले. त्याने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरली. तिने मनाशी काही ठरवलं नव्हतं. तो उतरेल असं तिला वाटलं होतं का? वाटलं होतं. आता तो उतरत नव्हता. गाडी हलली. फाटकाच्या दिशेने, हळूहळू. तिने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. ओरडावं असं तिला वाटत होतं. तो रस्त्याकडे बघत नव्हता. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा आरशात, त्या मांडीवरच्या मुलाकडे.

फाटकाशी गाडी थांबली. त्याने इंजिन बंद केलं.

"तू बसली नसतीस तर मी गाडी काढली असती," तो म्हणाला. "रोज काढत होतो." मग चावी काढून घेतली आणि खाली उतरला.

खिडकीतून तिला तो दिसत होता. साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलला. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. त्याने चावी पुढे केली. साहेबांनी ती लगेच घेतली नाही. त्यांनी त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं, आणि मग घेतली. कंडक्टर धावत गेला. कुणाला तरी फोन लावला गेला. तो मात्र फाटकाच्या खांबाला टेकून, हात लोंबते सोडून उभा होता.

गाडीत कुरबूर सुरू झाली. कुणाला पोचायला उशीर होणार होता, कुणाचं पुढचं काही चुकणार होतं. मागच्या बाईने तिच्या खांद्याला हात लावला. "काय झालं हो? तुम्ही त्यांच्याशी बोलत होता ना?"

"ड्रायव्हर बदलताहेत."

"आता? ऐन वेळी? प्यायलाबियला होता की काय मेला?"

"नाही." "बरेच दिवस झोप झालेली नाही त्यांची. घाटात डोळा लागतो."

"अगं बाई!" बाईने मुलाला छातीशी घट्ट धरलं. "आणि तसाच निघाला होता आम्हाला घेऊन? घरात कुणी नाही का त्याला? बायको काय करत होती? तिला कळलं नाही?"

फाटकाशी दुसरा ड्रायव्हर सायकल टाकून धावत येताना दिसत होता. ती उठली, दांड्याला धरून उभी राहिली. काही न बोलता उतरून जाता आलं असतं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "आज दुपारीच कळलं होतं. मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ द्या."

बाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग मूल उचललं आणि तिच्या बाजूने काढून पलीकडे, खिडकीशी घेतलं.